दुसऱ्या रायफलीचा बोल्ट

मी एक जुनी रायफल आहे. माझी नळी शाबूत आहे, दस्ता नवाकोरा आहे. फक्त गोळी आत बंद करणारा बोल्ट माझ्याजवळ नाही. तो कसा गेला, हे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, मित्रांनो.

ग्वाल्हेरच्या एका फौजी गृहस्थांनी मला विकत घेतले. गोरखी महालाजवळ त्यांचे घर होते आणि शहराबाहेर बटाट्याचे शेत. शेतात रानडुकरे शिरली की ते मला घेऊन निघत. लोक माझ्या नेमाची तारीफ करत. ते वारले आणि मी कपाटामागे गेले. त्यांचे चिरंजीव महिपतराव नोकरीत गुंतलेले. माझ्या दस्त्याला वाळवी लागली, बोल्ट गंजून गेला.

या हिवाळ्यात डुकराने शेत कसणाऱ्या शिवाजीरावांची मांडी फाडली. डुकरे मारायची सरकारी परवानगी मिळाली, तीही थोड्याच दिवसांची. नेम धरणार होती महिपतरावांची नात गरिमा. ती नेमबाजी शिकली होती आणि परवाना आता तिच्याच नावावर होता. प्रश्न एवढाच होता की नवी रायफल घ्यायची, की मलाच पुन्हा उभे करायचे?

"आबा, नवीनच घेऊ ना," गरिमा म्हणाली. "दुकानात पाहून आली मी. एकदम सही आहे."

"घरात रायफल असताना?" महिपतराव म्हणाले. "माझ्या बाबांची आहे ती. भाग बदलून घेऊ, की झालं."

माधवगंजात दिग्विजयसिंह बंदुका दुरुस्त करत. त्यांनी मला टेबलावर खोलले.

"नली अच्छी है, बाबूजी. दस्ता नया बन जाएगा. पर इसका बोल्ट अब नहीं मिलता. दूसरी रायफल का घिसकर बिठाना पड़ेगा. मैं तो कहूँगा, नई ले लो."

"बिठा दो," महिपतराव म्हणाले.

तो परका बोल्ट माझ्यात बसला खरा, पण माझा झाला नाही. बंद होताना कुठेतरी अडायचा, मग एकदम सरकायचा. मला निवडले म्हणून मी आनंदात होते आणि त्याच वेळी भीतीने माझा जीव खालीवर होत होता. सांगणार कसे? रायफलीला एकच आवाज असतो.

मला तपासायला मातीच्या ढिगासमोर नेले. आदल्या रात्री डुकरांनी पुन्हा शेत उकरले होते. महिपतराव घाईत होते.

"लाव खांद्याला आणि काढ एक बार."

गरिमाने मला उचलले. तिचा गाल दस्त्याला टेकला. तिने बोल्ट बंद केला, उघडला, पुन्हा बंद केला आणि मला खाली घेतले.

"नाही आबा. हा अडकतोय. पहिले बांधून चालवू."

"तुझे पणजोबा याच रायफलीने—"

"त्यांचा बोल्ट हा नव्हता, आबा."

महिपतरावांचा चेहरा उतरला. "आण इकडे. मीच चालवतो." त्यांनी मला खांद्याला लावलेसुद्धा.

गरिमाने त्यांचा हात धरला. "तुम्हाला काही झालं तर आजीला काय सांगू मी?"

त्यांनी मला तिच्या हाती सोडले.

मला लोखंडी घोडीला घट्ट बांधले. चापाला लांब दोरी लावून दोघे भिंतीआड गेले. दोरी ओढली गेली. बार झाला आणि बोल्ट निखळून मागच्या लाकडी खांबात घुसला, चेहऱ्याच्या उंचीवर.

महिपतराव जवळ गेले. त्यांनी बोल्ट उपसून पाहिला, निघेना. मग वळून त्यांनी गरिमाचे दोन्ही गाल तळव्यांत धरले आणि बराच वेळ सोडलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी नवी रायफल घरी आली. उरलेले शेत वाचले. मी आता निकामी, म्हणून मला मात्र पोलीस ठाण्यात जमा करायचे ठरले आहे. तिथे कोण असेल, कसे ठेवतील, हाच विचार मला छळतो आहे.

मित्रांनो, कोणी अधूनमधून थोडे तेल दिले असते तर माझा स्वतःचा बोल्ट आज जागेवर असता. वस्तू वापरात नसली तरी तिच्याकडे बघत जा. आणि फार उशीर झाला असेल तर केवळ मायेपोटी ती माणसाच्या गालाला लावू नका. मला निवडले नाही याचे मला अजून वाईट वाटते. पण परसातून गरिमाचे हसणे ऐकू येते, तेव्हा मी ते वाईट वाटणे सोसते.

खाली गाडी उभी आहे. महिपतराव मला कापडात गुंडाळत आहेत. त्यांना गाठ मारता येत नाहीये.