दुधातलं पाणी

दुष्काळात आमच्या गावात प्यायला थेंब न्हाय, आन् सोसायटीच्या डेअरीत सेक्रेटरी चारचौघांत वरडला, "आबाराव, तुमच्या दुधात पाणी हाय!"

त्यो माझा नवरा. समदी हसली. मला मात्र येगळाच सवाल पडला. ह्या माणसाला पाणी घावलं कुठं? गावात पाणी उरलं हुतं ते फकस्त मळ्यात एकली ऱ्हाणाऱ्या कस्तुराच्या हिरीला. म्हंजी ह्यो रोज तिला अर्धं दूध देऊन, तेवढंच पाणी घालून डेअरीला येत हुता!

घरी आल्यावर म्या इचारलं. म्हनला, "म्हशीनं पाणी जास्त पिलं आसंल."

"कुणाच्या हिरीचं?"

त्यो म्हशीला वैरण टाकाया उठला.

मी रडले न्हाय. दोन घागरी त्याच्या हातात दिल्या. "जावा तिच्याकडं. पर रिकाम्या हातानं येऊ नगा."

भर दुपारी, समद्या गल्लीच्या डोळ्यांदेखत, ह्यो भरल्या घागरी घेऊन खाली मान घालून आला. शेजारची मालनबाई माझ्या कानाला लागली.

"मथुरे, आमचा लई सरळ हाय गं. घरात बसून नुसता तहान तहान करतो. उद्या त्यालाबी धाडू का?"