रांगेतलं वाण

मी खणाची पर्स बोलतेय. पर्स कसली, तळहाताएवढी तर आहे मी. पण त्या दिवशी जे पाहिलं त्याचा धक्का अजून ओसरलेला नाही, म्हणून आज तोंड उघडलं.

मला शोभाताईंनी शिवलं. पुण्याहून मुलाकडे अमेरिकेत वेस्ट विंडसरला राहायला आल्या, तेव्हा बॅगेत खण घेऊनच आल्या. सून गिरिजाच्या हळदीकुंकवात वाण म्हणून लुटायला आम्हा सगळ्या बहिणींना त्यांनीच मशीनवर शिवलं. जांभळा खण, हिरवा काठ. चेन तेवढी इथली, जरा अडते.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी दारात बुटांचा ढीग पडला. बायकांनी आम्हाला उलटंपालटं करून बघितलं, ‘सो क्यूट’ म्हणाल्या. आणि शिवणारी बाई कुठे? वरच्या खोलीत, दार लोटून.

“आई, खाली या ना,” गिरिजा जिन्यातून म्हणाली.

“मला चालत नाही गं. तू कर.”

यजमान गेल्यापासून त्यांनी कुणाकडून वाण घेतलं नव्हतं. मला इतका राग आला! पण पर्सचं कोण ऐकतंय? आम्ही उरलेल्या कपाटात जाऊन पडलो.

उन्हाळ्यात नातीने, सईने, कपाट उघडलं. पाच कोरियन मुलींचा एक ग्रुप गाण्यांचे शो करत जगभर फिरत होता आणि आता न्यूअर्कला येणार होता. सई त्यांच्यापायी वेडी.

“आजी, या मी फ्रीबीज म्हणून देऊ? लाइनमध्ये सगळे एकमेकांना काहीतरी देतात.”

गिरिजाची ऑफिसची मीटिंग निघाली, म्हणून सोबतीला आजी. सईने आम्हा प्रत्येकीत त्या मुलींचा एकेक फोटो सरकवला. खणाच्या पोटात गुलाबी केसांची कोरियन पोरगी! मी दचकलेच.

खरा धक्का पुढे होता. स्टेडियमबाहेर ही मोठी रांग, आणि बघते तर काय, अख्खं हळदीकुंकूच चाललेलं! ओळख ना पाळख, पोरी एकमेकींच्या हातात मण्यांची ब्रेसलेट्स, चॉकलेटं, स्टिकर ठेवत होत्या. तू कोण, कुठली, घरी कोण असतं, कुणी विचारत नव्हतं. आमची सई पण वाटत सुटली. शोभाताई मात्र मागे सरकून कठड्याला टेकल्या. वाटप सुरू झालं की मागे सरकायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं.

निळ्या वेण्यांची एक उंच मुलगी थेट त्यांच्यापाशी आली आणि ब्रेसलेट पुढे केलं. शोभाताईंनी हात मागे घेतले.

“सई, सांग गं तिला, मला चालत नाही.”

सई गोंधळली. मग जमेल तसं सांगितलं, “शी सेज शी इज नॉट अलाउड.”

ती मुलगी हबकली. “हू सेड?” म्हणाली आणि इकडेतिकडे बघायला लागली, त्या माणसाशी भांडायलाच निघाल्यासारखी.

“आजी, ती विचारतेय, कोण म्हणालं?”

शोभाताई आठवायला लागल्या. नाव कुणाचं घ्यायचं? सुनेने तर बोलावलं होतं. मुलगा कधी चकार शब्द बोलला नव्हता. गेलेला माणूस तर असलं काही म्हणणाराच नव्हता.

“कुणीच नाही,” त्या म्हणाल्या. आपल्याच बोलण्याचा त्यांना केवढा धक्का बसला! डोळे भरून आले. मग त्यांनी मनगट पुढे केलं.

सईने पिशवीत हात घातला. तळाशी मी एकटीच उरले होते.

“आजी, ही तुझी.”

आत कानठळ्या बसवणारा आवाज होता. हजारो पोरी एका सुरात ओरडत होत्या. शो संपला तेव्हा त्या पाचजणी कमरेत वाकल्या आणि शोभाताईंनी मला मुठीत धरूनच त्यांना हात जोडले.

आता मी त्यांच्या उशाशी असते. खण विटलाय, चेन अजून अडते. तुमच्याकडे हळदीकुंकू असेल तेव्हा एवढंच करा, वरच्या खोलीत कोण बसलंय ते बघून या.

आमच्याकडे उद्या आहे. शोभाताईंनी नव्या पर्सा शिवल्यात आणि मघाशी सुनेत्राताईंना फोन लावलाय. त्या शेजारच्या, गेल्या वर्षी यजमान गेले तेव्हापासून कुठेच जात नाहीत.

“उद्या चारला ये,” शोभाताई म्हणाल्या.

पलीकडून काहीतरी पुटपुटणं ऐकू आलं. शोभाताईंनी मला हातात घेतलं, माझी चेन उघडली, मिटली.

“कोण म्हणालं?” त्यांनी विचारलं.