मोकळी फटफटी

गिदोनने वाळूचं पोतं उचलून फटफटीच्या बैठकीवर आडवं केलं आणि तो पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला. चाक आणि मडगार्ड यांच्यात मघाशी चार बोटं जागा होती, ती आता दोन बोटं उरली. त्याने पुढचा भाग दाबून सोडला. फटफटी एकदा खाली गेली, वर आली आणि थांबली. दुसरा हिसका नाही.

“जमलं,” तो स्वतःशीच म्हणाला.

भिंगारात अशी फटफटी कुणी पाहिली नव्हती आणि पाहून कुणी गप्पही बसलं नव्हतं. लढाई संपल्यावर छावणीच्या लिलावात गिदोनने एक मोडकी फटफटी घेतली, इथवर ठीक. पण इंजिन आणि चाकं तेवढी ठेवून तिचा सांगाडा त्याने चक्क फेकून दिला. पाण्याचे दोन लांब नळ वाकवून जमिनीलगत खाटेसारखी चौकट केली. इंजिन मागे, त्याच्यावर चालवणारा. त्याच्या पुढे, दोन नळांच्या मध्ये, खाटेच्या निवारीच्या पट्ट्यांची उतरती बैठक, आजाऱ्याने पाय लांब करून रेलावं अशी. पुढच्या चाकाला नेहमीचा चिमटा नाहीच. दोन्ही बाजूंनी चाक धरणारे दोन आडवे दांडे आणि त्यांना झेलायला टांग्याच्या पोलादी कमानी.

कमानी श्रीमंत नावाच्या टांगेवाल्याच्या. त्या हक्काने त्याने फटफटी एकदा चालवूनही पाहिली होती. वेशीजवळच्या खड्ड्यात चाक जे उसळलं, ते श्रीमंत कोपर सोलवटून घेऊन पायीच परत आला. हा पाळणा आहे की घोडं, असं तो विचारू लागला, तेव्हा गिदोन शांतपणे म्हणाला होता, “मोकळी उडनारच. कमानीला वजन लागतं.” आत अंथरुणावर गिदोनची बायको मरिया हे ऐकून बऱ्याच दिवसांनी हसली होती.

सगळा खटाटोप तिच्यासाठीच होता. कण्याच्या क्षयाने ती वर्षभर पडून होती आणि मिशनच्या डॉक्टरीणबाईंनी आता हात टेकले होते. मरियाला एकदा मिरजगावला आईकडे जायचं होतं, बस्स. आईचे डोळे गेलेले, तीही अंथरुणाला खिळलेली, तेव्हा ती येण्याचा प्रश्नच नव्हता. पाठीला एक धक्कासुद्धा सोसणार नाही, असं बाईंनी बजावलं होतं आणि तो रस्ता तर धडधाकट माणसाची हाडं खिळखिळी करी. देवाकडे मागून झालं, माणसांकडे मागून झालं. मग गिदोनने हत्यारं काढली. हट्टी माणूस, दुसरं काय.

छावणीच्या कारखान्यात तो फिटर होता. तिथला दंडकच होता, की गाडी कुठलीही असो, तिचं ओझं तिच्यावर लादल्याशिवाय कमान कसायची नाही. म्हणून ते पोतं. पहिल्यांदा दवाखान्यात नेली तेव्हा मरिया काट्यावर जेवढी भरली होती, तेवढीच वाळू त्याने सीना नदीच्या पात्रातून आणून त्यात घातली होती. कण इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता.

तेव्हापासून दिवसा कारखाना आणि संध्याकाळी अंगणात ठोकाठोक. मरियाचं अंग पुसणं, कूस बदलणं शेजारच्या आक्काबाई करत. गिदोन दारातूनच विचारी, बरं आहे का. गोधडीतून ‘हाय’ असं उत्तर आलं, की पुन्हा पान्याला लागे. त्याच्यावर रागवावं की त्याची कीव करावी, कळत नाही.

निघायच्या दिवशी सकाळी श्रीमंत आला. चादरीची टोकं धरून दोघांनी मरियाला अलगद उचलायचं ठरलं होतं. गिदोन चादर झटकत होता, एवढ्यात दारात आक्काबाई दिसल्या. त्यांच्या दोन्ही हातांवर मरिया होती. आक्काबाई साठी उलटलेल्या, पाण्याची कळशी आणताना दोनदा टेकवणाऱ्या.

“आक्का, थांबा. आमी हाय की दोघं.”

“कशाला? मी रोजच उचलती.”

त्यांनी तिला निवारीवर ठेवलं, पाठीशी उशी सारली, गोधडी पांघरली. गिदोनची नजर सवयीने चाकावर गेली. त्याने खाली बसून फटीत बोटं घातली. तीन बोटं आरामात बसली. त्याने हात काढून पुन्हा घातला. तेवढीच. श्रीमंतने ते पाहिलं आणि तो उगाच रस्त्याकडे बघत राहिला.

“दबली न्हाई का?” मरियाने विचारलं.

“दबंल. कमानीनं जरा गंज धरलाय.”

कमानी कालच्या तेलाने चकाकत होत्या. एवढे दिवस ज्या बाईसाठी गिदोन राबला, ती त्याच्या पाठीमागे त्या घरात केव्हाच निम्मी सरून गेली होती आणि त्याने जीव लावून जपलं होतं ते पोतं.

तो उठला. अंगणातल्या निंबाच्या बुंध्याशी पोत्यातली वाळू ओतली, जराशी पोत्यात राहू दिली. ते पोतं तिच्या पायांखाली ठेवून पाहिलं, पुरेना. परत जाऊन ओंजळी ओंजळीने भरत राहिला. फट दोन बोटांवर यायला जवळजवळ निम्मं पोतं लागलं.

“पाय टेकायला,” तो म्हणाला.

मरियाने पोत्यावर पाय टेकले. आक्काबाईंनी पदर तोंडाला लावला. गिदोन मागे बसला आणि तिच्या दोन्ही बाजूंनी हात नेऊन त्याने हँडल धरलं. तिचं डोकं त्याच्या छातीशी आलं. तो किक मारणार, तेवढ्यात ती म्हणाली,

“परत येताना आमच्या गावच्या वड्यातली वाळू घ्या. पोतं पुरतं भरा.”

“कशाला?”

“मोकळी उडती म्हनता ना.”

त्याने किक मारली. वेशीजवळ तोच खड्डा आला. फटफटी एकदा खाली गेली, वर आली आणि थांबली. मरियाला कळलंसुद्धा नाही.