डाव्या पायाचा ठोका

"ढोल इकडे दे," आग्नेल म्हणाला. "आज तू वाजवायचा नाय."

कॉन्रॅडनं पट्टा गळ्यात घातलासुद्धा होता. अंगणात बँडची माणसं पांढऱ्या गणवेशात उभी होती आणि आत शवपेटीत त्याची बायको रेजिना. काल सकाळी केळीला पाणी लावता लावता पाटाच्या कडेला बसली, ती उठलीच नाही.

"मग कोण वाजवणार? तू? तुझ्या तोंडात कॉर्नेट."

बँडमास्तर आग्नेलनं हातातल्या त्या छोट्या तुतारीकडे पाहिलं. वसईकडच्या नंदाखाल गावच्या या बँडमध्ये तीस वर्षं मोठा ढोल कॉन्रॅडचाच. लग्नात त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे, पण मयताला सगळी भिस्त त्याच्यावर. त्याचा ठोका पडला की पेटी उचललेल्या सहा जणांचा डावा पाय एकदम पुढे पडायचा. वाडीतली वाट जेमतेम, दोन्हीकडे केळी, मध्ये पाटावर फळ्यांचा साकव. ठोका इकडचा तिकडे झाला तर पाय अडकून पेटी कलंडायची. तीस वर्षांत एकदाही कलंडली नव्हती. बिचाऱ्याचा सगळा मोठेपणा काय तो एवढाच, पण होता खरा.

त्यानं काठी ढोलाच्या कातड्यावर टेकवून पाहिली. हाताला काही कळेचना. कालपासून रडूही आलं नव्हतं. येईल त्याला "बसा, चहा घ्या" म्हणत होता, जणू मयत शेजारच्या घरचं होतं.

"मी वाजवतो, पप्पा," रॉबर्ट पुढे आला. "तू आयच्या मागं चाल."

रॉबर्ट त्याचा एकुलता एक. दोन वर्षं मुंबईच्या एका हॉटेलात ड्रम वाजवत होता. रॉक अँड रोल! अमेरिकेचं ते नवं वेड तेव्हा, सत्तावन्न साली, मुंबईला नुकतंच लागलं होतं. बोटीवरचे खलाशी तबकड्या आणायचे, थेटरात पोरं खुर्च्यांवर चढून नाचायची म्हणे. गेल्या नाताळात रॉबर्टनं ग्रामोफोन आणून घरी एक तबकडी लावली. रेजिना पदर तोंडाला लावून हसत सुटली. कॉन्रॅड मात्र कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिला.

"हा माणूस चुकतोय," तो म्हणाला. "ठोका पहिल्याला सोडून दुसऱ्याला मारतोय."

"मुद्दाम मारतात, पप्पा. एक दोन तीन चार, त्यातला जोर दोनाला आणि चाराला. त्यानंच तर पाय नाचतात."

"मुद्दाम चुकायचं? आणि हॉटेलवाला तुला जेवायला घालतो?"

तेव्हा तिघंही पोट धरून हसली होती.

आता रॉबर्ट हात पुढे करून उभा होता. कॉन्रॅडनं पट्टा काढला.

"जोर पहिल्याला. डावा पाय. दुसरं काय डोक्यात आणू नको. तिला पाडू नको रे, बाबा."

"नाय पाडणार."

पेटी उचलली. पुढे बँड, मागे पेटी, तिच्यामागे कॉन्रॅड. इतकी वर्षं तो मयताच्या पुढे चालत आला. मागून चालताना पेटी कशी दिसते ते त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. रॉबर्ट चोख वाजवत होता. विहीर गेली, क्रूस गेला. मग साकव आला आणि पलीकडे पाटाच्या कडेला रेजिनाचं फावडं तसंच पडलेलं दिसलं. रॉबर्टचे डोळे भरले. हॉटेलातली सवय ती, हात आपसूक तिकडे गेला. ठोका दुसऱ्याला पडला. पुढच्यांनी उजवा पाय टाकला, मागच्यांनी डावा. फळी करकरली आणि पेटी कलंडून रेजिनाच्या भावाच्या, फ्रेडरिकच्या मानेवर आली.

"धरा, धरा!"

सगळं जागच्या जागी थांबलं. फ्रेडरिक लालबुंद झाला.

"लाज नाय वाटत? तुझ्या हॉटेलातला नाच हाय काय हा?"

"त्याला बोलू नको," कॉन्रॅड म्हणाला. "चांगला वाजवतो तो. हात तिकडचा झालाय एवढंच."

रॉबर्टनं मागे वळून काठी पुढे केली. "तू घे, पप्पा."

कॉन्रॅडनं काठीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे.

"माझा हात चालत नाय," तो म्हणाला. "ढोल राहू दे."

तो पाटात उतरून साकवाच्या पलीकडे गेला आणि पेटीकडे तोंड करून उभा राहिला. "माझ्याकडे बघा. डावा."

सहा पाय पुढे पडले.

"डावा... डावा..."

साकव ओलांडला. आग्नेलनं कॉर्नेट खाली घेतला तो परत तोंडाला लावला नाही. चर्चपर्यंत आणि मिस्साची प्रार्थना झाल्यावर दफनभूमीपर्यंत तो एकच शब्द ऐकू येत होता, ना वर चढलेला, ना कापरा.

दोरांनी पेटी खड्ड्यात उतरवली. फादरांची प्रार्थना झाली. प्रत्येकानं मूठमूठ माती टाकली आणि माणसं पांगायला लागली. कॉन्रॅड खड्ड्याच्या कडेला ताठ उभा होता. रॉबर्ट जवळ गेला, तर बापाचे ओठ अजून हलत होते.

"डावा... डावा..."

"पप्पा, पोचली ती."

"पोचली?"

"हो."

"कलंडली नाय ना?"

"नाय, पप्पा."

कॉन्रॅडचे ओठ हलायचे थांबले. रॉबर्टनं त्याचा दंड धरून "चल घरी" म्हटलं, तेव्हा तो आपल्या दोन्ही पायांकडे बघत राहिला. आधी कुठला उचलायचा, तेच त्याला कळेना.