नाव नसलेली चिठ्ठी

मी एक जुना पांढरा फळा आहे. शाळेतला नव्हे हं, मित्रांनो. खडूची धूळ मी कधी चाखलेली नाही. माझा जन्म वाळूजच्या एका कारखान्याच्या शेडमधला. पत्र्यावर पांढरा लेप चढला, कडेने चौकट बसली आणि टेंपोत उभा राहून मी जालना रोडवरच्या एका छोट्या कंपनीत पोचलो.

तिथे सॉफ्टवेअर तयार होई. ऋतुराज सरांनी माझ्यावर दोन उभ्या रेघा मारून तीन रकाने केले: करायचं, चालू, झालं. एकेका कामाची एकेक पिवळी चिठ्ठी. सकाळी दहाला सगळी टीम माझ्यापुढे उभी राही. जो काम उचलेल त्याने चिठ्ठीवर आपलं नाव घालून ती पुढच्या रकान्यात सरकवायची. खिडकीतून कोवळं ऊन येई, पंख्याच्या वाऱ्याने चिठ्ठ्या हलत. मला वाटे, मी भिंतीवर नाहीच. मी एक माळरान आहे आणि माझ्या अंगावरून पिवळा कळप हळूहळू चरत चालला आहे. "फळा बघितला की सगळं कळतं," सर म्हणत, आणि मी आतल्या आत फुलून जाई.

तेव्हा टीम मेंढपाळांसाठी काम करत होती. मेंढरांच्या लसीचा दिवस आला की त्यांच्या फोनवर लेखी निरोप जायचा. पिशोर गावाकडच्या मेंढपाळाच्या घरातली सत्यशीला टीममध्ये नवीन होती. तिने एक चिठ्ठी लावली: 'वाचता येत नाही त्यांना निरोप आवाजात द्या.' कुणी ती उचलली नाही. नवख्याने आपलंच घोडं पुढे कसं दामटायचं, म्हणून तिनेही नाव घातलं नाही. दर वेळी 'पुढच्या खेपेला' असं ठरे. चिठ्ठीचा गोंद सुकला, तरी मी तिला एका कोपऱ्याने धरून ठेवलं.

मग सगळी कामं संगणकावर गेली. नावं असलेल्या चिठ्ठ्या चढवा, सर म्हणाले. दुपारपर्यंत त्या एका चिठ्ठीखेरीज मी रिकामा झालो आणि पाण्याच्या जारमागे जाऊन टेकलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण जास्त घोर त्या चिठ्ठीचा होता. लसीचा दिवस तीन आठवड्यांवर आला होता, आणि मला तोंड नाही.

एके दिवशी सत्यशीलाचे वडील, मुंजाबा, डोळे तपासायला शहरात आले. पाणी प्यायला वाकले आणि मी त्यांना दिसलो.

"हे काय गं?"

"याच्यावर कामं लावायचो, आबा. आता सगळी संगणकात गेली."

"समदी?" त्यांनी चिठ्ठीवर बोट ठेवलं. "मंग ही कशी उरली?"

तिने चिठ्ठीचा सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबला. मुंजाबा पुढे म्हणाले,

"सांजच्याला मेंढरं कुंपणाच्या वाडग्यात आली का आपण कोकरं सोडतो. ज्याला आय भेटत नाय ते वरडत ऱ्हातं. मंग कळतं, कोणतं मेंढरू रानात ऱ्हायलं. काय लिव्हलंय हिच्यावर?"

तिने वाचून दाखवलं. ऐकून मुंजाबा म्हणाले,

"आपल्या शेजारच्या कडुबाची निम्मी मेंढरं अशीच लस हुकून गेली. निरोप आल्ता. फोन खिशातच व्हता."

ऋतुराज सर उठून आले. "चूक माझी आहे, काका," ते म्हणाले. सत्यशीलाने पेन घेतलं, चिठ्ठीवर स्वतःचं नाव घातलं आणि ती 'चालू'मध्ये लावली. संगणकात ती नंतर गेली.

लसीच्या दोन दिवस आधी तिने आपल्याच आवाजातला निरोप पहिल्यांदा कडुबाच्या फोनवर सोडला. स्पीकर चालू होता, सगळे माझ्याभोवती उभे होते.

"काका, मी मुंजाबाची सत्यशीला. परवा मेंढरांना लस टोचायची हाय. सकाळीच घेऊन या."

तो आवाज आधी भरून ठेवलेला आहे हे कडुबाला कुठून कळणार? तो म्हणाला, "व्हय पोरी, आणतो." सत्यशीलाचे डोळे भरून आले. माझ्यावर ओल धरत नाही, म्हणून माझं कुणाला दिसलं नाही.

मित्रांनो, मला पुन्हा भिंतीवर लावा असं मी म्हणत नाही. संगणक माझ्याहून हुशार आहे. फक्त आवराआवर करताना, काय उरलं आहे ते एकदा बघा, आणि त्याच्यावर आपलं नाव घाला.