पान चौऱ्याहत्तर

मामा मालगाडीचे डबे तपासत. एकतीस वर्षं हेच काम. चाकावर हातोडी मारायची, आवाज खणखणीत आला तर पुढं जायचं, बद्द आला तर वाकून बघायचं. त्यांचा सख्खा भाचा त्याच यार्डात साहेब होता, नियम पाळले जातात की नाही हे पाहणारा. म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारा. गाडीखाली तो जन्मात कधी वाकला नव्हता, कारण इस्त्री मोडते. त्याला इथं चिकटवला तोही मामांनीच, ताईच्या शब्दाखातर. आपलंच नाणं खोटं, दुकानदाराला काय बोल लावणार?

साहेबानं वर्षभर खपून एक पुस्तक काढलं होतं, कुठल्या कामाची जबाबदारी कुणाची हे सांगणारं. खपून म्हणजे तीन जुन्या पुस्तकांतली पानं कापून चिकटवून. स्वतः वाचावं लागलं असतं तर ते इतकं जाड झालंच नसतं. ते प्रत्येकानं खिशात बाळगायचं असा हुकूम होता. तपासणीच्या फॉर्मांवरही त्यानं छापील नंबर घातले, कुणी फाडून टाकू नये म्हणून. शिवाय ऑफिसात एक फळा: 'सदोष डबे: शून्य'. असे एकोणनव्वद दिवस भरले होते. नव्वद झाले की यार्डाला ढाल आणि साहेबाला बढती. डबे काही सुधारले नव्हते. लोक सदोष डब्याला लाल कार्ड लावायला घाबरू लागले होते, एवढंच.

नव्वदाव्या दिवशी सकाळी बेचाळीस डब्यांच्या गाडीत अठराव्या डब्याचं चाक बद्द वाजलं. मामा वाकले. कडेपासून आत गेलेला बोटभर तडा, आणि डबा सिमेंटनं भरलेला. असं चाक उतारावर फुटलं की मागचे चोवीस डबे एकमेकांवर चढतात, आणि सगळ्यात मागं गार्ड बसलेला असतो. मामांनी लाल कार्ड लावलं.

पाचव्या मिनिटाला साहेब हजर, खडीवर जपून पावलं टाकत.

"मामा, आजच सापडायचं होतं का हे?"

"चाकाला विचारा, साहेब."

"अहो, पुढच्या यार्डात काढतील की ते. सव्वाशे किलोमीटरचा तर प्रश्न आहे. करा सही."

"मी नाही करत."

"मग मी करतो." आणि खरंच त्यानं पेन काढलं.

मामांनी खिशातलं पुस्तक काढलं, पान चौऱ्याहत्तर उघडलं आणि मोठ्यानं वाचलं. तपासनिसानं नाकारलेला डबा जो कुणी स्वतःच्या सहीनं सोडेल, त्यानं पुढच्या यार्डापर्यंत गार्डसोबत प्रवास करावा.

"हे कुणी लिहिलं?" साहेबानं विचारलं.

"मुखपृष्ठावर तुमचं नाव आहे."

गार्ड शेजारीच उभा होता. त्याला हसू आलं नाही, त्या गाडीत त्याला बसायचं होतं. "या ना साहेब," तो म्हणाला, "माझ्याकडं जागा आहे."

साहेबानं चाकाकडं पाहिलं. नोकरीत पहिल्यांदाच, खडीवर गुडघे टेकून, इस्त्रीची पर्वा न करता, बराच वेळ. मग उठला, गुडघे झटकले आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मामा, असं करू. सही मी करतो, गाडीत तुम्ही बसा. तुमचे तसेही आठच महिने राहिलेत."

नोकरीचे, असं म्हणायचं असेल त्याला.

मामांनी पिऊन सही करणारे पाहिले होते, झोपेत सही करणारेही पाहिले होते. दुसऱ्याच्या हातानं साप मारणारे तर पैशाला पासरी. पण त्यासाठी सख्ख्या मामाचा हात मागणारा हा पहिलाच. त्यांना राग आला नाही, किळस आली. फॉर्मवर शेऱ्याचा एक रकाना होता, तिथं सगळे 'निरंक' लिहीत. मामांनी तिथं भाच्याचं वाक्य लिहिलं, शब्द न् शब्द, आणि खाली गार्डची साक्ष घेतली.

"मामा, फाडा ते!"

"नंबर आहे त्याच्यावर. तूच घातलास."

'साहेब' जाऊन 'तू' आला, तेव्हा गार्डनं तोंड फिरवून घेतलं. साहेबानं घाम पुसला आणि डबा काढायचा हुकूम दिला. इंजिन आलं, अठरावा डबा बाजूच्या रुळावर गेला, आणि गाडी दीड तास उशिरानं पण शाबूत निघाली.

भाचा तिथंच घुटमळत होता.

"वर काय कळवायचं ते कळवा, मामा. फक्त आईला सांगू नका."

मामांनी फॉर्मची घडी घातली. "ताई दर रविवारी फोनवर विचारते, पोरगा काम कसं करतो. मी म्हणतो, चोख करतो. एकतीस वर्षांत न तपासता दिलेला दाखला म्हणजे तेवढाच." ते ताठ उभे राहिले. "उद्या रविवार आहे."