मातीची पदवी, गादीची नोकरी

“उठा, मुलाखत संपली,” असं मॅनेजरने बाळ्याला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मला सांगावं लागलं, कारण बाळ्याला उठवायची एक पद्धत आहे आणि ती त्या गाद्यांच्या कारखान्यात माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हती. त्याच्या कानाशी जाऊन हळूच “पेपर वाटले” म्हणायचं.

तो उठून बसला. गालावर गादीच्या शिलाईची नक्षी उमटली होती.

“सॉरी सर. किती वेळ झाला?”

“चाळीस मिनिटं,” मॅनेजर म्हणाला. रागावून नाही. पोटच्या पोराचं पहिलं पाऊल पाहावं तशा चेहऱ्याने.

त्याच गादीवर तासाभरापूर्वी मी पडलो होतो. “झोपून बघा आणि काय वाटतं ते सांगा,” एवढाच प्रश्न होता. मी पाच मिनिटांत सांगितलं. डाव्या कमरेखालच्या स्प्रिंगा जास्त दबतात, कडेचा फोम दोन वर्षांत बसेल, मधल्या शिवणीमुळे भार दोन्हीकडे सारखा जात नाही. चार दोष काढले. पाचवा उठताना सापडला, तोही सांगून टाकला. ती त्यांची सगळ्यात जास्त खपणारी गादी होती. मॅनेजर “कळवतो” म्हणाला.

दोन दिवसांनी त्याने कळवलं. बाळ्याला.

बाळ्या माझा मावसभाऊ. मी त्याच्याहून नऊ दिवसांनी मोठा, आणि या नऊ दिवसांची शिक्षा मी चोवीस वर्षं भोगतोय. त्याला बोलता यायला लागल्यावर मावशीने त्याला “दादा म्हण” असं शिकवलं. तेव्हापासून सायकल शिकवायची मी, तो पडला की बोलणी खायची मी, आणि शेवटचा तुकडा त्याला द्यायचाही मीच, कारण तो लहान. नऊ दिवसांनी. शाळेत एकदा तो गणिताच्या पेपरला झोपला. नंतर कळलं की त्या पेपरातला शेवटचा प्रश्नच चुकीचा छापला होता, सगळ्यांना सरसकट गुण मिळाले. मी तो प्रश्न पाऊण तास सोडवत बसलो होतो.

पदवीसाठी इथे परदेशातही आम्ही एकत्रच आलो. विषय एकच, माती. म्हणजे मातीवर इमारत उभी केली तर माती किती खचेल आणि किती दिवसांत खचेल याचं शास्त्र. आमच्या व्हिसावर शिकताना आठवड्याला वीस तास काम करता यायचं, तेही विद्यापीठाच्या आवारातच. दोघांनी ग्रंथालयात अर्ज टाकला. मला तळघर मिळालं, फाटक्या पुस्तकांना पट्ट्या चिकटवायचं. बाळ्याला वरचा वाचनकक्ष मिळाला. तिथे कुणी झोपलं तर त्याला उठवायचं, हे त्याचं काम. तो स्वतःच झोपायचा. दोन वर्षांत त्याच्याविरुद्ध एकही तक्रार आली नाही, कारण तक्रार करणारे सगळे झोपलेले असायचे.

पदवी हातात पडली की नव्वद दिवस मिळतात. तेवढ्यात नोकरी शोधायची आणि ती आपल्या विषयाशी निगडित आहे असं पत्र लिहून परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीला पटवायचं. पटलं तर आणखी वर्षभर राहता येतं. नाहीतर बॅग भरायची.

या पत्रांमध्ये माझा हात धरणारं आवारात कुणी नव्हतं. प्राणिशास्त्रवाल्याला चपलांच्या दुकानात नोकरी लागली, तेव्हा माणसाच्या तळपायाची लाखो वर्षांची वाटचाल मी दीड पानात त्याच्या काउंटरपर्यंत आणून पोचवली. संगीतवाली मुलगी फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायला लागली. तिच्यासाठी मी ‘मानवी आवाजातील आरोह’ असा परिच्छेद लिहिला. दोघं अजून इथेच आहेत. रस्त्यात भेटले की मला हात करतात, मीही करतो, आणि घरी येऊन माझे उरलेले दिवस मोजतो.

घरून फोन आला तो एकाच फोनवर दोघी बहिणींचा, स्पीकर लावून.

“तू होतास म्हणून लागली रे त्याला,” मावशी म्हणाली. “नाहीतर हा कसला जातोय मुलाखतीला.”

“मीच उठवलं त्याला,” मी म्हणालो. तिला ते सकाळचं वाटलं.

“आणि तुझं काय?” आईने विचारलं.

“बघतोय.”

“बघ, बघ. किती दिवस राहिले बघायला?”

“एकोणीस.”

मावशी हळू आवाजात म्हणाली, “अगं, त्याचंही होईल.” हे ‘त्याचंही’ मी जेवताना भाताबरोबर चावत बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळ्या तळघरात आला. माझं तिथलं काम कधीच संपलं होतं, पण मी सवयीने जाऊन बसायचो. त्याने नेमणुकीचा कागद माझ्यासमोर ठेवला. ‘भार-चाचणी सहायक.’

“दादा, पत्र.”

“कसलं?”

“मातीचा आणि गादीचा काय संबंध, ते. मला तर काहीच दिसत नाही.”

मला दिसत होता. मला तो मुलाखतीतच दिसला होता, त्या गादीवर उताणा पडल्या पडल्या. माणूस म्हणजे इमारत आणि गादी म्हणजे जमीन. भार पडला की आधी पटकन खचणं, मग वर्षानुवर्षं सावकाश खचत राहणं. गणित तेच, फक्त इमारत कूस बदलते. इतकं सुंदर पत्र माझ्या डोक्यात आजवर आलं नव्हतं. आणि ते कुणासाठी, तर जो झोपला त्याच्यासाठी.

मी हिशोब केला. पत्र फसलं तर दोघांची मुदत एकाच दिवशी संपते. एकच विमान, शेजारच्या जागा. दोघं मिळून नापास झालो तर ती सोबत असते. एकटा झालो तर तो निकाल असतो.

मी लिहिलं: ‘अर्जदार कंपनीच्या गाद्यांवर झोपून पाहील व त्या कशा वाटतात ते कळवील. मातीचा अभ्यास केल्यामुळे त्याला हे काम नीट जमेल.’ शब्द न् शब्द खरा होता. एवढं वाईट पत्र मी आयुष्यात लिहिलं नव्हतं.

बाळ्याने ते उभ्या उभ्या वाचलं, मग पुन्हा एकदा वाचलं. “सोपं लिहिलंस,” म्हणाला आणि सही केली.

नऊ दिवसांनी कचेरीतून बोलावणं आलं.

“तू पण चल,” बाळ्या म्हणाला. “मी काय बोलणार तिथे?”

काउंटरवरच्या बाई जाड भिंगांच्या चष्म्यातून पत्र वाचत होत्या. वाचायला दोनच वाक्यं होती, पण त्यांनी पान उलटून मागेही काही आहे का ते पाहिलं.

“मातीच्या पदवीचा आणि गादीवर झोपण्याचा संबंध काय?”

“दादाला विचारा,” बाळ्या म्हणाला. “त्याने लिहिलंय.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. “पत्र असं लिहितात? मागे चपलांच्या दुकानातल्या मुलाचं एक आलं होतं. इतकं छान होतं, मी आत नेऊन सगळ्यांना वाचून दाखवलं. शेवटी आमच्या साहेबांनी बूट काढून स्वतःचा तळपाय पाहिला. तसं लिहिणारा कुणी मिळत नाही का तुम्हाला?”

तोवर मला बाळ्याचा हेवा वाटत होता, मॅनेजरला तो आवडला म्हणून वाटत होता, चपलावाल्याचा वाटत होता, त्याच्या गिऱ्हाइकांचाही थोडा वाटत होता. पण माझा स्वतःचाच हेवा मला त्या काउंटरवर पहिल्यांदा वाटला. ज्याचं पत्र आत नेऊन वाचून दाखवलं तो कोण होता, आणि हा दोन वाक्यांवाला कोण?

“गादी म्हणजे जमीनच असते,” मी म्हणालो.

“काय?”

मग मी थांबलो नाही. बाईंचा टेबलावरचा स्टेपलर इमारत झाला, कागदांचा गठ्ठा जमीन झाला. मी स्टेपलर ठेवून दाखवला, उचलून उरलेला खड्डा दाखवला. भार निघाल्यावर कोणती जमीन परत वर येते आणि कोणती येत नाही ते सांगितलं. रांगेतला पुढचा मुलगा मान लांब करून ऐकत होता. बाई खुर्चीत जरा हलल्या. नंतर कळलं, त्या स्वतःच्या उशीबद्दल विचार करत होत्या.

“हे सगळं इथे खाली लिहा,” त्या म्हणाल्या. “हाताने चालेल. अर्जदाराची सही घ्या.”

मी लिहिलं. अकरा ओळी, एकही खोडली नाही. बाळ्याने सही केली आणि बाई कागद घेऊन शिक्का मारायला आत गेल्या.

आम्ही काउंटरला टेकून उभे राहिलो.

“पहिलं पत्र भिकार होतं,” बाळ्या म्हणाला.

“हो.”

“मला वाचल्या वाचल्या कळलं होतं.”

“मग सही कशाला केलीस?”

“मला वाटलं, दोघांनी मिळून परत जायचं असेल तुझ्या मनात,” तो म्हणाला. “म्हटलं, ठीक आहे.”

गेली चोवीस वर्षं याच्याविरुद्ध मी जे काही जमवून ठेवलं होतं त्यातलं एकही वाक्य तिथे बसत नव्हतं. मी स्टेपलर पूर्वी होता तिथे ठेवला.

बाई शिक्का मारून आल्या. सोबत एक छोटा फॉर्म होता. “अभिनंदन. हे भरा आणि झालं.”

बाळ्याने फॉर्म भरला. पत्ता, फोन, कारखान्याचं नाव. खाली एक ओळ होती: ‘अडीअडचणीला बोलवायचा जवळचा माणूस.’ तिथे त्याने विचार न करता माझं नाव लिहिलं, पुढे ‘मोठा भाऊ’.

बाईंनी ते वाचलं. “हे इथेच राहतात ना?”

“सध्या,” मी म्हणालो.

“सध्या म्हणजे?”

“अजून नऊ दिवस.”

“मग नाही चालणार. वर्षभर इथे असणारा माणूस लागतो.”

“दुसरा नाहीये,” बाळ्या म्हणाला. “रिकामं ठेवू?”

“रिकामं घेत नाहीत. नसेल तर तसं लिहा.”

बाळ्याने पेन टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. तो टक्क जागा होता. निबेखाली शाईचा ठिपका पसरायला लागला, तेव्हा मी पेन त्याच्या हातातून काढून घेतलं. माझ्या नावावर एकच रेघ मारली, सरळ, खालचं वाचता येईल अशी, कारण गिचमिड झाली की ते फॉर्म परत करतात. वर लिहिलं, ‘कोणी नाही’.

“खोडलंय तिथे अर्जदाराची सही लागेल,” बाई म्हणाल्या.

बाळ्याने फॉर्म स्वतःकडे वळवला आणि रेघेच्या टोकाशी, जेमतेम मावेल एवढ्या जागेत, सही केली.